पोटातून वाजणारा तुबा

“घ्या की, कोंपाद्रे! त्यांच्या घरचं शेवटचं जेवण आहे,” म्हणत तोमासाने ताट फिदेन्सियोच्या हातात ठेवलंच.

काळ्या मिरच्यांच्या दाट रश्श्यात कोंबडीची तंगडी बुडालेली, वर तेलाचा चकाकता तवंग. बघूनच फिदेन्सियोने ताट जरा लांब धरलं. आतल्या खोलीत तोमासाचा नवरा क्रिसोफोरो फुलांमध्ये निजला होता. गावच्या बँडमध्ये मोठा ढोल त्याचा आणि तुबा, तो खांद्यावर चढवायचा जाडजूड पितळी कर्णा, फिदेन्सियोचा. मिसरूड फुटल्यापासून दोघं शेजारी शेजारी चालत आलेले. क्रिसोफोरोच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला फिदेन्सियो तिचा धर्मपिता झाला, तेव्हापासून नवराबायको दोघंही त्याला कोंपाद्रे म्हणायची. आता मयताच्या घरचं ताट परत करायचं म्हणजे मयताच्या तोंडावर दार आपटायचं.

पलीकडून त्याची बायको ओफेलिया डोळे वटारत होती. नको, नको, नको!

काल सकाळपासून तो भाताच्या पेजेवर होता, ते काही उगीच नाही. गेल्या वर्षी शहरातल्या इस्पितळात त्याच्या आतड्याचा शेवटाकडचा, गाठ आलेला तुकडा कापून उरलेली टोकं जोडली होती. काही महिने पोटावर शौचाची पिशवी होती, तीही निघाली. “सुटलास रे बाबा!” म्हणून अख्ख्या गावाने मिठ्या मारल्या. पण पुढचं कुणाला सांगणार? आतडं तान्ह्या पोरासारखं हट्टी झालं होतं. कळ आली की आली. जाऊन यावं, हात धुवावेत, की पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा! “सुधारेल, पण सावकाश,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “साठवायची जागाच कापलीय ना आपण.” आवळून धरायचे व्यायाम त्यांनी शिकवले, ते तो चपला शिवता शिवता करायचा. तुब्यालाही त्यांनी हरकत घेतली नव्हती, फक्त पोटाला पट्टा बांधा म्हणाल्या. पण तुबा काय ओठांनी वाजतो? तो पोटातून वाजतो. वर जीव तोडून फुंकायचं आणि त्याच वेळी खाली जीव मुठीत धरायचा, हे कसं जमवायचं ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

फिदेन्सियोने ताट चाटूनपुसून साफ केलं.

“कमाल आहे तुमची!” ओफेलिया त्याचा पट्टा आवळताना फणफणली. “डायपर घातलाय ना?”

“हळू बोल की गं!”

“मी हळू बोलेन. तुमचं पोट हळू बोलेल का?”

अंगणात ट्रोम्बोनवाला नाबोर वाटच बघत होता. “काय फिदेन्सियो, आज एकाच तोंडाने वाजव हां!”

गावात काय लपतं? सगळे फिसकन हसले. फिदेन्सियोही हसला, न हसून सांगतो कुणाला?

बँडमास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. “जमेल ना रे? ढोल आज शवपेटीवर ठेवायचाय, तो काही वाजणार नाही. उचलणाऱ्यांची पावलं फक्त तुब्यावर. आणि देवळातून पेटी उचलली की कबरीपर्यंत टेकवत नाहीत.”

“जमेल, मास्तर. ढोल त्याचा आहे, म्हणजे ठेका मीच धरायला हवा.”

देवळापर्यंत सगळं ठीक गेलं. तिथून कबरस्तानाचा चढ लागला. उजव्या हाताची क्रिसोफोरोची जागा रिकामीच ठेवली होती, आणि फिदेन्सियोचं कोपर सवयीने तिकडे सारखं कुणाला तरी शोधत होतं. पहिली कळ त्याने गिळली. दुसरी आली तेव्हा कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. तिसरीला त्याने सगळं अंग आवळलं, तशी फुंकर तुटली आणि सूर घरंगळला.

पेटी उचलणाऱ्यांची पावलं चुकली. पेटी एका अंगाला कलली, ढोल सरकला, बायका किंचाळल्या. नाबोरने मागे वळून पाहिलं, पण या वेळी त्याला थट्टा सुचली नाही.

पेटीमागून चालणारी तोमासाही वळली. तिने फिदेन्सियोचा राखेसारखा चेहरा पाहिला, गुडघ्याला चिकटलेला गुडघा पाहिला.

“टेकवा,” ती म्हणाली.

“काय?” पुढच्या खांदेकऱ्याने विचारलं.

“पेटी खाली टेकवा. ते दमलेत.”

“तोमासाकाकू, वाटेत टेकवत नाहीत. अपशकुन असतो...”

“नवरा कुणाचा? तुझा की माझा? हा चढ एका दमात कधी चढलेत का ते? टेकवा म्हणते ना!”

टेकवली. भर रस्त्यात, धुळीत. तोमासा शेजारी फतकल मारून बसली आणि शालीच्या टोकाने पेटीवरच्या माश्या वारू लागली. कुणाकडेही न बघता तिने रस्त्याकडेच्या घरातल्या म्हातारीला विचारलं, “एउफेमिया, दार उघडं आहे ना गं तुझं?”

“उघडंच आहे. परसात पाणीही भरलंय.”

नाबोरने फिदेन्सियोच्या खांद्यावरून तुबा उतरवून घेतला. आणि काय सांगावं, अख्ख्या गावाला त्याच क्षणी समोरचा डोंगर बघावासा वाटला! लहान पोरंसुद्धा डोंगराकडे बघत होती.

पोचेपर्यंत उशीर झालाच होता, थोडासा. परसातल्या त्या अरुंद खोलीत फिदेन्सियो भिंतीला डोकं टेकून रडला, तोंडावर मूठ दाबून. मग अंगावर पाणी घेतलं. पुन्हा बसावं लागलं. पुन्हा पाणी. बाहेरून हाक आली नाही की कुणी खाकरलं नाही. फक्त तोमासाचा आवाज येत होता. नवऱ्याच्या फजितीचे किस्से ती मोठ्यामोठ्याने सांगत होती, आणि लोक डोळे पुसत हसत होते.

दाराच्या कडीला एउफेमियाने नवऱ्याची विजार अडकवून ठेवली होती. काळी, आखूड, साबणाचा वास येणारी.

तो बाहेर आला तेव्हा तोमासा गुडघ्यांवर हात टेकून उठली. “चला,” ती म्हणाली, “त्यांचा दम खाऊन झाला.”

नाबोरने तुबा त्याच्या खांद्यावर चढवला. फिदेन्सियोने रिकाम्या उजव्या बाजूकडे एकदा पाहिलं आणि पोटातून फुंकलं. बँडच्या पांढऱ्या विजारींच्या रांगेत ती एकच काळी, घोट्यापर्यंतही न पोचणारी विजार चढाला लागली, आणि तिच्या पावलाने पेटी वर निघाली.