पाहायला दिलेली प्रत

जावयाला त्या कॉम्प्युटरमधून काय मिळायचं होतं, ते आधी मोजून घेऊ. सासरी गेल्यावर हातांची खुर्ची, ही किरकोळ कमाई. त्याहून वरची म्हणजे दारातच सासऱ्यांच्या तोंडून "या इंजिनिअर" असं स्वागत. प्रत्यक्षात तो फरशांच्या दुकानात लोकांच्या खोल्यांची मापं घेऊन किती फरशा लागतील ते सांगणारा माणूस. पण सगळ्यांत गोड कमाई होती साडूवर मात. साडू दातांचा डॉक्टर. आठ वर्षं सासरची प्रत्येक दाढ त्याच्या हाताखालून गेली होती, आणि ज्याच्यापुढे आ करून बसायचं त्याच्यापुढे माणूस शहाणपणा करत नाही.

तीन महिन्यांपूर्वी सासऱ्यांनी धाकट्या मुलीसाठी कॉम्प्युटर घेतला आणि जावयाची पाळी आली. आतली ऑपरेटिंग सिस्टिमही विकत घ्यावी लागते, असं सासऱ्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी पाकीट काढलं. जावयाने त्यांचा हात धरला आणि तो म्हणाला, "बाबा, घरच्या माणसाकडून पैसे घ्यायचे का आता?" पाकीट खिशात गेलं, जावयाचा भाव वर गेला. खरं सांगायचं तर त्याचाही छदाम गेला नव्हता. नव्वद दिवस फुकट वापरून पाहायला देतात ती प्रत त्याने चढवली होती. स्वतःच्या घरी मात्र त्याने रीतसर लायसन्स घेतलं होतं. घरच्या माणसाला फसवणं परवडतं, स्वतःला फसवून कसं चालेल? नव्वद दिवसांत बघू काहीतरी, असं म्हणता म्हणता नव्वद दिवस सोमवारी संपले.

बुधवारी सकाळी धाकट्या मेहुणीचा फोन दुकानात आला. कॉम्प्युटर दर तासाला आपोआप बंद पडत होता.

मेहुणी सदतीस वर्षांची. चौदा वर्षं एका वकिलाच्या ऑफिसात दुसऱ्यांची वाक्यं टाइप करत आलेली. न्यायालयातल्या लघुलेखकाच्या जागेसाठी तिची घरून द्यायची परीक्षा गुरुवारी दहाला होती. कॅमेरा चालू, सलग दोन तास, मध्ये उठायचं नाही. पुढच्या वर्षी वय उलटणार, म्हणजे ही शेवटची संधी. आणि परीक्षा द्यायची ती आधी नोंदवलेल्या कॉम्प्युटरवरच. नोंदणी गेल्याच आठवड्यात बंद झाली होती.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून जावई अकराच्या सुमारास पोचला. सगळे कॉम्प्युटरभोवती उभे होते, जसे आजाऱ्याच्या खाटेभोवती असतात. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, चाचणी प्रत, मुदत संपली. त्याने सफाईने खुर्ची पुढे ओढली आणि त्या ओळीवर दुसरी खिडकी उघडून ठेवली. किरकोळ आहे, म्हणाला.

मग किरकोळ उपाय सुरू झाले. तारीख-वेळ तपासली, ती बरोबर होती. इंटरनेटची वायर काढून घातली. दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवला. तो चार मिनिटं गोल गोल फिरला आणि मला जमलं नाही, असं सांगून मोकळा झाला. शेवटी मोबाइलवरून गुपचूप लायसन्स विकत घेतलं. तीन महिन्यांपूर्वी वाचवलेली रक्कम अर्ध्या मिनिटात गेली. पंचवीस अक्षरांची लायसन्स-की त्याने घामेजल्या बोटांनी भरली. उत्तर आलं, ही लायसन्स-की या आवृत्तीसाठी नाही. त्याने पुन्हा भरली, सावकाश. तेच उत्तर. तेवढ्यात तास भरला आणि पडदा काळा झाला.

सासऱ्यांनी मोठ्या विश्वासाने विचारलं की व्हायरस असेल का. जावई म्हणाला, तसंच काहीसं.

मदतीच्या फोनवर आधी यंत्राचा बाई-आवाज होता. पडद्यावर आलेला आकड्यांचा नऊ गटांचा मारुतीच्या शेपटासारखा नंबर वाचायचा, मग ती तसाच लांब नंबर परत सांगणार. जावयाची दोनदा चूक झाली. तेव्हा मेहुणीने कागद-पेन घेतलं. बाई सांगेल त्या वेगाने ती लिहीत गेली. एक आकडा पुसला नाही, एकदाही "परत सांगा" म्हणाली नाही. जावई तिच्या हाताकडे बघत राहिला. हा हात उद्या हरणार असेल तर तो हाताच्या दोषाने नव्हे, हे त्याला लख्ख दिसलं.

तेही आकडे चालले नाहीत. मग मात्र खरा माणूस फोनवर आला. जावई फोन घेऊन गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं.

"सर, ही पाहायला दिलेली प्रत आहे," तो माणूस शांतपणे म्हणाला. "ती चालू होत नसते. ती संपते. सगळं पुसून नव्याने चढवा."

जावयाला हे दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुकानात मागे नमुन्याचा शिक्का मारलेल्या फरशा असतात. त्यांची जमीन घालता येत नाही, हे तोच गिऱ्हाइकांना सांगायचा. पण पुसलं की कॉम्प्युटर नवा ठरणार आणि नोंदणी रद्द होणार. न पुसावं तर परीक्षेच्या मध्यावर, अकरा वाजता, पडदा काळा. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही त्यानेच खणलेली.

त्याने परीक्षेच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाईंनी नियम वाचून दाखवला. नोंदवलेला कॉम्प्युटर बदलता येईल, पण फक्त चोरी, आग किंवा मोडतोड झाल्यास. फोटो हवा, घटना डोळ्यांनी पाहणाऱ्या एका माणसाची सही हवी, आणि अर्ज आज पाचच्या आत.

"आणि लायसन्सची अडचण असेल तर?" त्याने विचारलं.

"लायसन्स रीतसर आहे असं उमेदवाराने फॉर्मवर लिहून दिलंय," बाई म्हणाल्या. "तसं नसेल तर तिची उमेदवारीच जाईल. तसं आहे का?"

नाही नाही, म्हणून त्याने फोन ठेवला. साडेतीन वाजले होते.

आता आत जाऊन खरं सांगायचं, एवढा एक रस्ता होता. सांगूनही परीक्षा वाचत नव्हती, हे त्याने स्वतःला पटवलं; पटवायला फार वेळ लागला नाही. तो आत आला आणि म्हणाला की कॉम्प्युटर दुकानात न्यावा लागेल. मेहुणी चप्पल घालू लागली. तिला त्याने बसवलं, तू सराव कर म्हणाला, जणू हवेत टाइप करायचं होतं. कॉम्प्युटरची पेटी उचलून तो एकटाच जिना उतरू लागला.

पहिल्या वळणावर त्याने डोळे मिटले आणि हात सोडले. पेटी दोन पायऱ्या घरंगळली आणि उभीच राहिली. कोपरा जरा चेपला, बस्स. सासऱ्यांनी माल चांगला घेतला होता. जावई खाली उतरला, ती पुन्हा वर आणली, या वेळी छातीपर्यंत उचलली, आणि नीट, दोन्ही हातांनी, खालच्या लादीवर आपटली. पत्रा फाटला, आतला पंखा निघून जिन्यावरून टणाटण उड्या मारत गेला.

त्याने वर पाहिलं. सासूबाई कठड्याशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात वायर होती. तो ती घरीच विसरला होता.

किती वेळापासून उभ्या होत्या, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. आवाज ऐकून सासरे आणि मेहुणी बाहेर धावले. मेहुणी खाली पाहून पायरीवर मटकन बसली. ती रडली नाही. तिने नुसती बोटं एकमेकांत गच्च धरली.

"पाय घसरला त्यांचा," सासूबाई म्हणाल्या. "मी इथेच होते."

सासूबाईंनी तीस वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये अहवालांवर सही केली होती. स्वतः काचेखाली पाहिल्याशिवाय पेन उचलायच्या नाहीत. एकदा खुद्द मोठ्या डॉक्टरला ताटकळत ठेवलं होतं. सव्वाचारला जावयाने फोटो जोडून, स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरचा नंबर घालून अर्ज तयार केला आणि साक्षीदाराच्या रकान्यापाशी थांबला. मेहुणी तोंड धुवायला गेली होती. सासूबाईंनी चष्मा लावून सगळा कागद वाचला, "हातातून निसटून" या शब्दांवर जरा जास्तच थांबल्या.

"आई, मी तुम्हाला सांगणार होतो," तो म्हणाला.

"मला काही सांगू नका, जावईबापू. ऐकलं तर सही होणार नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "एवढंच बोला. त्या दुसऱ्यावर हिचे दोन तास पुरे होतील?"

"होतील. तो विकतचा आहे."

हे ऐकून त्यांनी त्याच्याकडे जे पाहिलं, त्यात त्याचे तीन महिने एका क्षणात वजा झाले. मग त्यांनी पेन मागितलं. सही केली आणि चष्मा काढून ठेवला.

पाचला सात मिनिटं असताना मंजुरी आली. गुरुवारी मेहुणी जावयाच्या घरी, परक्या कीबोर्डवर दोन तास बसली. पडदा काळा झाला नाही. महिन्याभराने निकाल लागला. शेवटच्या जागेवर का होईना, ती लागली.

आता कुणाला काय किंमत पडली ते बघू. सासऱ्यांना नवा कॉम्प्युटर पडला. जावयाला सासरसाठी दुसऱ्यांदा लायसन्स घ्यावं लागलं, आणि इंजिनिअरचा तो धांदरट झाला. पण धांदरट हे नाव लबाडापेक्षा किती स्वस्त, ते त्यालाच माहीत. साडूला फुकटात हसायला मिळालं. मेहुणीला द्यायची ती किंमत चौदा वर्षांत आधीच देऊन झाली होती.

राहिल्या सासूबाई. सासऱ्यांना ही गोष्ट फार आवडते. आल्यागेल्याला ते ती रंगवून सांगतात, जिना, घसरलेला पाय, उड्या मारणारा पंखा, आणि शेवटी बायकोकडे वळून म्हणतात, हिने डोळ्यांनी पाहिलंय, विचारा. मग पाहुणे त्यांच्याकडे बघतात, जावई पायाच्या अंगठ्याकडे बघतो, आणि सासूबाई दर वेळी "हो" म्हणतात.