आरोपी क्रमांक सातचा हंडा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. एरवी मी चौदा वर्षांचा असतो. ऐकणारा नवखा असला की निजामाच्या मुदपाकखान्यातून आलेला असतो. एकदा नळ बंद करायचं राहून गेलं, तेव्हा अख्खं जायकवाडी माझ्या पोटात मावलं होतं, हेही मी सांगत असतो. पण मित्रांनो, आज सांगतोय ते त्यातलं नाही. याच्यावर हायकोर्टाचा शिक्का आहे.

माझा जन्म तांबटाच्या हातोडीखाली झाला. ठोके खाऊन खाऊन अंगाला गोलाई आली आणि मी गुलमंडीवरच्या दुकानात येऊन बसलो. तिथून वच्छलाबाई गाडेकरांनी मला उचललं. शेजारच्या मोनालीचं लग्न होतं, आहेरात द्यायला हंडा हवा होता. भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची आपल्याकडं रीतच आहे. नाव घालणाऱ्यानं विचारलं, खाली 'यांजकडून' घालू का?

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "नाव तेवढं मोठं घाल. लांबून वाचता आलं पायजे."

टक्‌टक्‌ करत त्यानं माझ्या गळ्याखाली 'सौ. वच्छलाबाई गाडेकर, टी. व्ही. सेंटर' असं नाव आणि वस्ती कोरली. मला गुदगुल्या झाल्या. त्या अक्षरांनी पुढं काय करून ठेवलं ते कळलं असतं, तर मी हसलो नसतो.

मोनालीच्या घरी माझे दिवस राजासारखे गेले. दर आठवड्याला चिंच-मीठ लावून आंघोळ. घरी आलेली प्रत्येक बाई म्हणायची, हंडा कसा आरशासारखा ठेवलाय. मग निळे प्लॅस्टिकचे पिंप आले आणि मी माळ्यावर गेलो. तिथं चार वर्षं कुणी बोटसुद्धा लावलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात नळाला अकरा दिवस पाणी आलं नाही. बायकांनी हंडा मोर्चा काढायचं ठरवलं. मोर्चात प्लॅस्टिकचा आवाज होत नाही, म्हणून मोनालीनं मला खाली काढलं. त्या दिवशी मी असा वाजलो, की वेरूळच्या लेण्यांतले हत्ती दचकले म्हणतात. बायकांनी रस्ता अडवला, पोलीस आले, रेटारेटी झाली. बायका पांगल्या आणि आम्ही अकरा हंडे रस्त्यावर राहिलो.

कडुबा नावाचे हवालदार होते. माणूस वाईट नव्हता, उन्हानं कावला होता. कागदावर नावं तर हवीत. त्यांनी एकेक हंडा फिरवून त्यावरचं नाव उतरवून घेतलं. मी सातवा. झाल्या वच्छलाबाई आरोपी क्रमांक सात. बाई त्या दिवशी वेरूळला, घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेल्या होत्या. गळ्यात चिठ्ठी बांधून मला मुद्देमालाच्या खोलीत टाकलं, चाक नसलेल्या एका मोटरसायकलीशेजारी.

बाहेर काय चाललंय ते मला नंतर कळलं. वच्छलाबाईंची मुलगी मनस्विनी कॅनडात. तिला सातवा लागला होता. पहिल्या खेपेला गर्भ टिकला नव्हता, त्यामुळं पोरगी धास्तावलेली. आई, तू आलीस की मला काही होणार नाही, एवढंच रोज फोनवर म्हणायची. व्हिसा आला, डिंकाचे लाडू वळून झाले, आणि पासपोर्टच्या कचेरीतून पत्र आलं. तुमच्यावर गुन्हा नोंद आहे, पासपोर्ट जमा करा. बाईंना का, कसं, कुणी विचारलंच नाही. बाईंनी घाबरून तो नेऊन दिला.

वकील अपेक्षाताईंनी गुन्ह्याची नक्कल मिळवली तेव्हा उलगडा झाला. मोनाली वच्छलाबाईंच्या उंबऱ्यावर येऊन बसली. बराच वेळ नखानं फरशी कोरत होती.

"मावशी, हंडा माझ्या डोक्यावर होता."

वच्छलाबाई लाडवांच्या डब्याचं झाकण उगाच काढत-लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझं काय चुकलं? नाव मोठं घालायला मीच लावलं व्हतं."

जालना रोडवरच्या खंडपीठात अर्ज गेला, तोवर मनस्विनीला आठवा सरत आला होता. सरकारी वकिलांनी सांगितलं, गुन्हा नोंद असलेल्याला परदेशी जाता येत नाही, नियम आहे. अपेक्षाताईंनी सांगितलं, पासपोर्ट काढून घेण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकावं, हाही नियमच आहे. मग त्यांनी एक दाखला पुढं केला.

"आरोपी क्रमांक चार, आशाबाई. यांना वारून एकतीस वर्षं झाली. हंडा त्यांच्या स्मरणार्थ दिलेला आहे."

दोघा न्यायमूर्तींनी तो दाखला मागवून वाचला. हंडे हजर करा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कडुबांनी मला खांद्यावरून आणलं. हायकोर्टाच्या पायऱ्या चढणारा पहिला हंडा मीच, असं मी सगळ्यांना सांगतो. अजून कुणी खोटं पाडलेलं नाही. थोरल्या न्यायमूर्तींनी चष्मा काढून ठेवला होता. तरी त्यांना वरच्या खुर्चीवरून माझ्यावरचं नाव सरळ वाचता आलं.

"हवालदार, गुन्हा बायकांवर नोंदवलाय की भांड्यांवर?"

"साहेब," कडुबा खाली बघत म्हणाले, "हंडे हाती लागले. बाया नाय लागल्या."

निकाल त्याच दिवशी लागला. परदेशी जाणं ही सरकारची मेहेरबानी नाही, तो माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. ते अडवायचं तर आधी कारण सांगा, त्या बाईंचं ऐका. पासपोर्ट चार दिवसांत परत द्या, आणि ही नावं आली कुठून ते पुन्हा तपासा. वच्छलाबाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या. मोनालीनं पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी एका दमात संपवली.

"सुटले गं बाई," एवढंच म्हणाल्या, आणि लई दिवसांनी हसल्या.

पुढच्याच आठवड्यात चिकलठाण्याहून त्यांचं विमान उडालं. त्या पोचल्यावर सहाव्या दिवशी मनस्विनीला मुलगी झाली. काही दिवसांनी कागदपत्रं होऊन मीही मोनालीच्या ताब्यात आलो. तिनं मला असं घासलं, की मुद्देमालाच्या खोलीतली धूळ मोरीतून नदीला गेली. मग फोन लावून माझ्यासमोर धरला. पलीकडं वच्छलाबाई पायांवर नात घेऊन तिला न्हाऊ घालत होत्या.

"आलं का कार्टं घरी?" मला बघून म्हणाल्या. "मोनाली, त्याच्यावर आता 'यांजकडून' घालून घे."

तिनं घालून घेतलं. जागा उरली नव्हती, म्हणून ती अक्षरं जरा दाटीवाटीनं बसलीत.

मित्रांनो, हंड्याला चिंचेनं घासत जा, माळ्यावर टाकू नका. आणि उद्या तुम्ही मोठे साहेब झालात, कुणाची वाट अडवायचा कागद तुमच्या सहीला आला, तर त्यावर नाव कितीही ठळक असू द्या, आधी त्या माणसाच्या दारात जाऊन या. मला एवढं मोठं तोंड आहे, पण बोलता येत नाही. वच्छलाबाईंना येत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.