ऋतिकाचा कौल

साईश तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. दोष कोणाच्या घराण्याचा ते कळावं म्हणून त्याच्या आजीने, प्रभावतीने, कोरगावच्या देवळात कौल लावला: आपल्या घरचा असेल तर मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी पडावी, सुनेच्या माहेरचा असेल तर डावी. देव शहाणा, एकही पाडली नाही.

मग तिने लेकीला धरलं. ऋतिका बंगळूरला संशोधक. जन्मानंतर मुलांच्या मेंदूत कुठलं जनुक कधी जागं होतं, कधी झोपतं, याचा नकाशा तिथे करतात. ती रजेवर आली, तशी सकाळी बेकरीतले गोल पाव, उंडे, नि भाजी वाढतानाच प्रभावतीने विषय काढला. समोर सून सोनाली, बांद्याची, म्हणजे गोव्याच्या हद्दीपलीकडची, परक्या राज्याची. सोमवारपासून तिला साईशला म्हापशाला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायचं होतं. दोष रक्तातला निघाला तर ते बंद, असं प्रभावतीने परस्पर ठरवलेलं.

"सांग गो, कोणाकडून आलं? आमच्यात कोण मुका नाय."

"अर्धी जनुकं दादाची, अर्धी वयनीची," ऋतिका उंडा मोडत म्हणाली. "आणि नुसती असून होत नाय. कितीतरी जन्मानंतर चालू-बंद होत राहतात, वर्षानुवर्षं. आमचा नकाशाच अजून अर्धा आहे. दोष कोणाचा, ते त्यात नसतं."

प्रभावतीने यातला एकच शब्द उचलला, बाजारात वांगं उचलावं तसा.

"जन्मानंतर? म्हणजे माझ्या झिलाने दिलं ते बरोबर होतं. नंतर बिघडलं, आईच्या हातात."

"आई, मी असं कुठे..." ऋतिका म्हणू लागली.

"तू गप. सांगितलंस, ऐकलं."

तिचा झील, साईशचा बाप गौरेश, चहाच्या कपात बघत होता. लग्नापासून हे काम तो नेमाने करत आलाय.

सोनालीने साईशचं तोंड पुसलं. "हा सहा महिन्यांचा झाल्यापासून मी पेडण्याला कामावर आहे, आई. 'नोकरी सोडू नको, पोर मी बघते' असं तुम्हीच म्हणालात. दिवसभर तो कोणाच्या हातात होता?"

"माझ्यावर घालतेस?"

"तुम्हीच घातलं. मी फक्त विचारलं."

प्रभावती लेकीवर उसळली. "सांग हिला, रक्तातलंच आहे म्हणून!"

ऋतिकाने भाजी वाढून घेतली. देवासारखी तिनेही पाकळी पाडली नाही.

"मग सोमवारी नेते त्याला," सोनाली म्हणाली.

"ने. पण त्या दिवसापासून मी त्याला बघणार नाय. नोकरी तुझी, पोर तुझा."

"चालेल. नोकरी सोडते."

गौरेशने पहिल्यांदा मान वर केली. सोनालीने साईशला आजीच्या शेजारून उचललं. त्याच्या मुठीत आजीच्या ताटातला उंड्याचा तुकडा होता. तो काही त्याने सोडला नाही.