बारक्याचा वरचा सूर

न्हाव्याने बारक्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, कात्री उचलली आणि नेमकं तेव्हाच रेडिओवर ते गाणं लागलं. कात्री हवेतच थांबली.

"हलू नकोस. आता ती जागा येईल बघ," न्हावी म्हणाला. "ही... ही बघ! 'खिडकी उघडी ठेव ना...' अरे, दिवसातून दहा वेळा ऐकतो मी, तरी अंगावर काटा येतो. काय गळा आहे रे तुझा!"

आरशातला बारक्या हसला. कापडाखाली त्याचे हात मात्र एकमेकांत घट्ट अडकले होते.

"थँक्यू," तो म्हणाला, आणि तेवढ्या एका शब्दात त्याचा आवाज दोनदा फाटला.

न्हावी खो खो हसला. "बोलताना बेडूक आणि गाताना असा! कमाल आहे बुवा तुम्हा लोकांची."

कमाल कसली? तो आवाज बारक्याचा नव्हताच. ही गोष्ट त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती, आणि नऊ दिवसांनी ती साऱ्या गावाला कळणार होती. नऊ दिवसांनी मोठ्या मैदानावर त्यांच्या गाण्याच्या गटाचा पहिला जाहीर कार्यक्रम होता. "आमची मुलं टेप लावून ओठ हलवणार नाहीत, सगळं प्रत्यक्ष गाणार," असं स्टुडिओवाल्या काकांनी चार ठिकाणी छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं.

गटात चौघे होते. सगळ्यांत मोठा दादा, एकोणीस वर्षांचा, कमी बोलणारा. मग जुळे भाऊ, ज्यांना वेगवेगळं ओळखायच्या भानगडीत कुणी पडत नसे. एकाने वाक्य सुरू करावं, दुसऱ्याने संपवावं. आणि सोळा वर्षांचा बारक्या. हे नाव पडलं तेव्हा तो दादाच्या खांद्यापर्यंतही येत नव्हता. यंदा तो चार बोटं वाढला होता, ओठांवर काळपट रेघ आली होती, पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं.

खरं तर आधी पाच जण होते. पाचवा एका शाळेच्या कार्यक्रमात नुसते ओठ हलवताना सापडला. त्या दिवशी दादा त्याला एवढंच म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." बारक्याला ते वाक्य अलीकडे रोज ऐकू येत होतं.

अल्बम तयार व्हायला पाच महिने लागले. काकांचा स्टुडिओ म्हणजे एका छापखान्याच्या वरची खोली. खाली यंत्र सुरू झालं की वरची फरशी थरथरायची आणि रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. मध्ये काचेची एक पेटी, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी. एकेकाने आत जायचं, कानावर हेडफोन चढवायचे आणि आपापला भाग गायचा. गाणं शिकवायला बाई येत. बाई शाळेत चाळीस वर्षं संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. दादाही त्यांचाच विद्यार्थी. लहान मुलांच्या पट्टीत इतकी वर्षं गाऊन त्यांचा आवाज मुलासारखाच राहिला होता, सरळ आणि बारीक.

सात गाणी झाली आणि आठव्याशी, 'खिडकी'शी, गाडी अडली. शेवटच्या कडव्यात एक ओळ उंच जायची. ती बारक्याची. दोन महिन्यांपूर्वी तो ती ओळ जिना उतरता उतरता सहज म्हणायचा. त्या दिवशी मात्र बावीस टेक झाले. कधी सूर अर्ध्यातच घसरायचा, कधी 'ठेव'वर आवाज चिरकायचा. शेवटी बाई काचेच्या पेटीत शिरल्या, त्याला कोपराने बाजूला सारलं आणि माइकसमोर उभं राहून म्हणाल्या, "जोर लावू नकोस रे. हे बघ, असं." आणि ती ओळ त्यांनी गाऊन दाखवली. मग तो पुन्हा गायला, पुन्हा एकदा, आणि काचेपलीकडून काकांनी अंगठा दाखवला. "मिळालं! सुटलास."

बारक्याला वाटलं, शेवटचा टेक बरा झाला असेल.

अल्बम बाहेर आल्यावर त्याने गाणं ऐकलं आणि ती ओळ पुन्हा मागे नेऊन लावली. 'ना' म्हणून झाल्यावर ओठ अलगद मिटायचे आणि सूर 'म्'मध्ये विरायचा, ही बाईंची सवय. बारक्याचा 'ना' उघडाच राहायचा. त्याने ती ओळ पन्नास वेळा ऐकली. ओठ पन्नासही वेळा मिटले.

पहिल्या दिवशी त्याला वाटलं, काकांनी मुद्दामच केलं असेल, विचारू उद्या. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, "अरे, त्या ओळीने कमाल केलीय!" त्यांच्या आवाजात लबाडीचा लवलेश नव्हता. म्हणजे काकांनाही माहीत नव्हतं. आठवडाभरात गाणं रिक्षात, दुकानात, शाळेच्या बसमध्ये वाजू लागलं. लोकांनी अल्बम डोक्यावर घेतला, आणि अल्बममधली ती एक ओळ त्याहून वर. घरी कुणी आलं की आई गाणं लावून त्याच जागी हात वर करायची, "हा! हा आमचा." आता तोंड उघडायचं तरी कुणापुढे?

न्हाव्याकडून घरी आल्यावर त्याने न्हाणीघरात शिरून नळ सोडला आणि ओळ म्हणून पाहिली. आवाज फुटला. नळ मोठा केला, पुन्हा म्हटली. पुन्हा तेच.

"किती पाणी वाया घालवतोस रे?" आई बाहेरून ओरडली.

सात दिवस उरले तेव्हा तो बाईंच्या दारात उभा राहिला. बाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्याने सरळ हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले.

"हे कशाला? मी विद्यार्थ्यांच्या ध्वनिफिती ऐकत नाही. तुम्ही माझ्यासमोर गाता ते पुरे झालं," बाई कुरकुरल्या. पण ऐकू लागल्या. वाटाण्याची शेंग बोटांत तशीच राहिली. मग त्यांनी हेडफोन काढले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. आणि मग, "श्वास किती मोठ्याने घेतलाय मी! मुलांना चाळीस वर्षं सांगितलं, श्वास ऐकू येता कामा नये."

"बाई, हसू नका ना."

"हसत नाहीये रे. बस इथे. कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला. मला."

"आणि तुझ्या मनात काय आहे?"

बारक्याने ते वाक्य वाटेतच तयार केलं होतं. "तुम्ही पडद्यामागून गाल? एकच ओळ आहे. मी पाठ फिरवून उभा राहीन."

बाईंनी शेंगेतले दाणे एकेक करून ताटात पाडले.

"गाईन," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील तर गाईन. पण पुढच्या कार्यक्रमालाही मलाच बोलवावं लागेल. त्याच्या पुढच्यालाही. मी अडुसष्ट वर्षांची आहे बाळा. किती वर्षं मला पडद्यामागे उभी करशील?"

बारक्याच्या डोळ्यांतलं पाणी बाईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"ऊठ. तोंड धू. तुझा आवाज गेलेला नाही, घर बदलतोय. नवीन घर कुठे घेतलंय ते शोधू या."

त्यांनी बाजाची पेटी उघडली. एक सूर दिला, तो गायला. त्याखालचा दिला, गायला. आणखी खाली. तिथे त्याचा आवाज पहिल्यांदा न थरथरता उभा राहिला, जाडसर, अनोळखी. बारक्या दचकलाच. जणू खोलीत तिसरंच कुणी गायलं होतं.

"हा कोण?" तो म्हणाला.

"पाहुणा नाही, तूच. आता ती ओळ इथून म्हण."

तीन दिवस ते त्याच ओळीवर बसले. चौथ्या दिवशी ओळ पडायची थांबली. आणि तेव्हा बाई म्हणाल्या, "आता एक अडचण. तू खाली आलास की त्या तिघांचे सूर तुझ्यावर आदळणार. ते आत्ता तुझ्या खाली गातात. त्यांना जागा बदलावी लागेल. म्हणजे त्यांना सांगावं लागेल."

"तुम्ही सांगाल?"

"नाही. शिकवायचं ते मी शिकवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत तालमीला चौघे जमले. बारक्याने एका दमात सांगून टाकलं. खालचं यंत्र नेमकं बंद होतं. त्यामुळे शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू गेला.

पहिला जुळा म्हणाला, "म्हणजे मी ज्या आवाजावर जळत होतो तो..."

"...बाईंचा होता?" दुसऱ्याने संपवलं. दोघांना हसू फुटलं, आणि दादाचं तोंड पाहून ते जागच्या जागी विझलं.

काका कॉम्प्युटरकडे धावले होते. बारक्याच्या नावाखाली सगळे टेक ओळीने होते. त्यांनी तेविसावा लावला. आधी बाईंचं "हे बघ, असं" ऐकू आलं आणि मागोमाग ती ओळ. काकांनी कपाळावर हात मारला.

"त्या आत शिरल्या तेव्हा रेकॉर्डिंग चालूच होतं. मी नंतर नुसत्या ओळी कापून घेतल्या, सगळ्यांत सुरेल कुठली ते पाहिलं आणि लावली. त्या पेटीत दुसरं कुणी गायलंय हे डोक्यातच राहिलं नाही." ते खुर्चीत बसले. मग एकदम म्हणाले, "असं करू. तेवढी एक ओळ टेपवर लावू. कुणाला कळतंय? गर्दीत..."

"काका," दादा म्हणाला, "पाचव्याला काढलं ते कशासाठी?"

दादा बारक्याकडे वळला.

"किती दिवस माहीत होतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि रोज माझ्या शेजारी बसून सह्या देत होतास."

दादा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बारक्याला वाटलं, आता ते वाक्य येणार. त्याने मनातल्या मनात दप्तरही उचललं होतं.

"नवीन ओळ म्हण," दादा पाठमोराच बोलला.

बारक्याने म्हटली. दादा पुन्हा म्हण म्हणाला. तिसऱ्या वेळी दादाने वरून आपला सूर धरला, तो चुकला, बदलला, बसवला. जुळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापली जागा शोधू लागले. दुपारपर्यंत तीच ओळ चालली.

निघताना दादा म्हणाला, "कार्यक्रमात गाण्याआधी तू स्वतः लोकांना सांगायचं. आम्ही नाही, काका नाही. तू. मग गायचं. तू आमच्यात राहणार की नाही ते त्यानंतर बघू."

"लोक ओरडले तर?"

"तर ओरडतील."

आईला त्याने कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सांगितलं. ती त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. ऐकून तिने इस्त्री उभी ठेवली.

"म्हणजे इतके दिवस मी सगळ्यांना बाईंचा आवाज ऐकवत होते?"

"हो."

"मग तुझा कुठे आहे त्यात?"

त्याने सांगितलं: दुसऱ्या गाण्याची सुरुवात, पाचव्याचं मधलं कडवं. आईने ती दोन्ही लावली आणि त्याच्याकडे पाठ करून ऐकत राहिली. तिला काय वाटलं ते त्याला कळलं नाही. शर्ट मात्र तिने दुसऱ्यांदा इस्त्री केला.

संध्याकाळी मैदान भरलं. सात गाणी झाली; त्यांत बारक्याच्या जागा फार उंच नव्हत्या, कशाबशा निभल्या. लोक नाचले, ओरडले. आठव्याचे पहिले सूर वाजताच सगळं मैदान दणाणलं. दादाने हात वर करून वादकांना थांबवलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

बारक्या पुढे झाला. पाठ केलेलं सगळं विसरला होता.

"या गाण्यातली वरची ओळ," तो म्हणाला, "मी गायलेली नाही. ती आमच्या बाईंनी गायली आहे. चुकून राहिली. मला कळलं होतं, मी सांगितलं नाही. माझा आवाज आता बदललाय. आता गातो तो माझा."

मैदानभर कुजबुज पसरली. मागून कुणी तरी शिट्टी मारली, कुणी "पैसे परत!" ओरडलं, त्यावर काही जण हसले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने वर धरलेला फोन हळूच खाली घेतला. बारक्याला पळून जावंसं वाटलं, पण तेवढ्यात दादाने वादकांना खूण केली होती.

ओळ आली. बारक्याने श्वास घेतला, ऐकू येणार नाही असा. 'खिडकी उघडी' नीट गेलं. 'ठेव'वर आवाज किंचित खरखरला, पण पडला नाही. वरून दादाचा सूर आला, जुळ्यांचे आले, आणि तो त्यांच्याखाली टेकून उभा राहिला. 'ना' उघडाच राहिला.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, पण मैदानभर नाही. डावीकडे जोरात, मधे तुरळक, मागे काही लोक उठून चालू लागले होते. रोजच्या कौतुकापुढे हे काहीच नव्हतं. मग डावीकडून कुणी तरी "पुन्हा! पुन्हा!" सुरू केलं आणि ते हळूहळू पुढे सरकलं.

दादा त्याच्याजवळ आला. त्याने माइकवर तळहात ठेवला.

"दुसऱ्यांदा गाताना 'ठेव'वर घाई करू नकोस, आम्ही येतोय मागून," तो म्हणाला. "आणि उद्या दहाला तालीम आहे. उरलेल्या सात गाण्यांत तुझ्या जागा कुठे कुठे हलतात ते बघायला हवं. वेळेवर ये."

बारक्याने मान हलवली. बोलायला त्याच्याकडे आवाज उरला नव्हता. होता तेवढा त्याने गाण्यासाठी राखून ठेवला.