शरणप्पाची तोंडी परीक्षा

उज्वलानं गठ्ठ्यातलं पुढचं कार्ड उचललं आणि वाचलं.

"तुमच्या बायकोचं नाव काय?"

समोर शरणप्पा ताठ बसला होता. अंगात नवा शर्ट, केसांना चपचपीत तेल. पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरं त्यानं अशी खणखणीत दिली होती, की उज्वलाच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

"आधी बाहेर यायचं, बाजूला उभं राहायचं," तो म्हणाला.

तिनं कार्ड उलटं करून पाहिलं. वाचलेलं कार्ड सातवं होतं, सहावं त्याच्या मागच्या बाजूला चिकटलेलं होतं. ते सोडवून तिनं सावकाश वाचलं, "गव्हाणीची चेन चालू व्हायच्या आधी काय करायचं?"

"मल्लम्मा," शरणप्पा म्हणाला आणि हसला.

आता घ्या! उज्वलाला हसू यायला हवं होतं, पण तिनं खिडकीकडं पाहिलं. ती उघडीच होती. तिच्याबाहेरच्या बाकावर हा माणूस सकाळपासून बसून होता. यादीत त्याचं नाव शेवटी, त्यामुळं आधीच्या चौदा जणांची उत्तरं त्याच्या कानावरून चौदा वेळा गेली होती. कार्डांचा क्रम तिनं एकदाही बदलला नव्हता. तेवढी अक्कल सुचू नये?

साखर कारखान्यानं परमुलखातल्या कामगारांना मराठी शिकवायला तिला नांदेडहून बोलावलं होतं. तीन महिने वर्ग चालला. बाकीचे चौदा बिहारचे, कानडी हा एकटाच. वर्गात सगळ्यात आधी हाच यायचा, फळा पुसून ठेवायचा, आणि काहीही विचारलं की मान डोलावून म्हणायचा, "हाव, समजलं." त्या दोन शब्दांवर तीही खूश असायची. नापास झाला तर त्याला गव्हाणीवरून, ऊस आत ओढणाऱ्या चेनीच्या त्या खड्ड्यावरून, काढणार होते, आणि दुसरं काम इथं नव्हतं. मल्लम्मा सहा महिन्यांची पोटुशी होती.

सुपरवायझर दयानंद दारातून डोकावला.

"झालं का मॅडम? उद्या हंगामाची पहिली मोळी टाकायची हाय. चेन फिरवून बघायची राहिलीय."

"झालंच," उज्वला म्हणाली.

वेळ मागता आला असता. उद्या पुन्हा घेते, असं म्हणता आलं असतं. पण पंधरापैकी पंधरा पास, हे तिला लई गोड वाटत होतं, खोटं कशाला बोला. शिवाय गरीब माणूस, शिकेल हळूहळू. सहाव्या-सातव्या प्रश्नापुढं तिनं पूर्ण गुण लिहिले आणि खाली सही केली. दयानंदनं कागद घेतला, शरणप्पाची पाठ थोपटली आणि त्याला हातानं गव्हाणीकडं जायची खूण केली. फाटकाशी उभ्या असलेल्या मल्लम्माला निकाल कळला, तशी ती पदरानं तोंड पुसत वस्तीकडं निघून गेली.

उज्वला चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा शरणप्पा गव्हाणीत उतरून, चेनीवर उभा राहून गेल्या हंगामातलं उसाचं वाळकं पाचट झाडत होता. त्यानं तिला पाहून नमस्कार केला. तिनंही केला.

तेवढ्यात दयानंद वरच्या कठड्यावर आला. बटण दाबणाऱ्याला त्यानं हात वर करून थांबवलं आणि खाली वाकून ओरडला.

"शरणप्पा, वर ये! चेन चालू करून राहिलो!"

शरणप्पानं मान वर केली. तोंडभर हसून, अगदी तिनं शिकवलं होतं तशा स्वच्छ उच्चारात तो म्हणाला, "हाव, समजलं."

आणि पुन्हा खाली वाकून पाचट झाडू लागला.

उत्तर ऐकूनच दयानंदचं समाधान झालं, खाली त्यानं पुन्हा बघितलं नाही. मराठीत पास झालेला माणूस, कागद त्याच्या खिशातच होता. बटण दाबणाऱ्याकडं वळून त्यानं हात खाली केला. चेन सुटायच्या आधीचा भोंगा वाजायला लागला. हा भोंगा शरणप्पा तीन महिने रोज ऐकत होता, कधी पाळीचा, कधी जेवणाचा; त्यानं वर पाहिलंही नाही.

उज्वलाच्या हातातला कप पडला. "थांबवा, थांबवा" म्हणत ती कठड्याकडं धावली, दोन्ही हात हलवत; पलीकडं बटणापाशी कुणाचं लक्ष नव्हतं. वर ये, वर ये, असं ओरडायला तिनं तोंड उघडलं, आणि तिला कळलं की हे त्याच्या कानडीत कसं म्हणतात ते तिला ठाऊक नाही. तीन महिन्यांत तिनं त्याला एकदाही विचारलं नव्हतं.