मधोमध टांगलेला आवाज

"दातच ठणकाया लागले बाई," केशरबाई माझ्या कानाशी पुटपुटली. श्रीरामपूरच्या आमच्या लहानशा देवळात नाताळच्या गाण्यांची तालीम चालली होती. कृपा झांज वाजवीत होती आणि कर्ण्यातून ती दाभणासारखी टोचत होती. दोष झांजेचा नव्हे, माझ्या यजमानांच्या डबीचा, असं सगळे म्हणत, पण आपसात. यजमान म्हणजे यशया रेडिओवाले.

डबी कर्ण्याची सूंसूं गाळण्यासाठी होती. आत पुतण्यानं मुंबईहून आणलेली आठ पायांची आयसी, म्हणजे आवाज सांभाळणारी नखाएवढी चकती. तिला खरं तर दोन बॅटऱ्या लागतात, कारण आवाज शून्याच्या वर जातो तसा खालीही उतरतो. आमच्याकडे ट्रॅक्टरची एकच. हे म्हणाले, झोका जमिनीलगत टांगला तर पाय घासणारच, मधोमध टांगायचा. दोन सारखे रेझिस्टन्स लावून बारा व्होल्टांच्या मध्यावर सहा काढले आणि आवाज तिथं टांगला. डबी छान चालली.

तरी ह्यांना चैन पडेना. डबी झांजेचा झणकार खातेय म्हणायचे. जेवता जेवता उठून मीटर लावायचे. बरोबर सहा व्होल्ट. मग कपॅसिटर बदलून लहान घालायचे, म्हणजे झांजेसारखा बारीक, चढा आवाज जास्त सुटावा. पुन्हा त्याहून लहान. सूंसूं परत आली, झांज टोचू लागली, ह्यांचं समाधान नाही ते नाहीच.

मला सगळं कळून चुकलं होतं. "यंदा दुष्काळानं रातकिडेसुद्धा गेले," असं हे ओट्यावर बसून म्हणाले, तेव्हा कुंपणात किडे नुसते कोकलत होते. मी 'व्हय' म्हटलं. गावाचे रेडिओ हे कानानं दुरुस्त करतात. त्या कानांबद्दल बोलायचं म्हणजे दुकानाला कुलूपच घालायचं.

आजच्या तालमीत ह्यांनी डबीतली गाळणीच काढली, आवाज सरळ सोडला आणि कर्ण्याखाली जाऊन उभे राहिले. कृपानं झांज मारली. सगळ्यांचे हात कानांवर.

"कृपा, पितळ वाजवतीस का लाकूड?" हे ओरडले.

पोर रडकुंडीला आली. तिनं पुन्हा मारली. हे वळले, तसे सगळ्यांचे हात भराभर खाली आले. म्हातारे आमोसकाका गाण्याच्या पुस्तकात बघू लागले. ह्यांनी परत मीटरच्या तारा उचलल्या.

मी त्यांचा हात धरला.

"अवो, मीटर खरं सांगतोय, डबीत खोट न्हाई. झणकार हाय. तुमाला ऐकू येत न्हाई."