शिवेवरची ओटी

नाणेघाटाजवळच्या पठारावर दिवाळीला तंबू उभे राहिले, की काजव्यांचे दिवस सरेपर्यंत हलत नसत. त्या वर्षी मात्र ते मार्चमध्येच उतरवले. कॅम्पचा कारभार बघणाऱ्या गोरखला पुण्याहून मालकाचा फोन आला, की रोग आलाय, सगळं बंद होणार आहे, पाहुण्यांना आजच वाटेला लावा. कॅम्पवर स्वयंपाक करणारी गोजरबाई तेव्हा चुलीपुढं भाकरी थापत होती. पाहुणे जेवायलासुद्धा थांबले नाहीत. गाड्यांनी धुरळा उडवला आणि पठार मोकळं झालं.

त्यांतला एक चष्मेवाला आदल्या दिवसापासून खोकत होता. गोजरबाईनं त्याला आल्याचा नि गवती चहाचा काढा करून दिला होता, थंडी वाजते म्हणाला म्हणून स्वतःच्या हातानं रग पांघरवला होता. शहरातली माणसं नाजूक, असं म्हणून ती हसलीही होती.

तंबू शेडमध्ये कोंबले. रग तिथं ठेवले असते तर पावसाळ्यात उंदरांनी त्यांचा भुगा केला असता, म्हणून मालक म्हणाला, वाडीतल्या घरांत ठेवा, वापरा, दिवाळीला परत द्या. रग चांगले जाड, तांबडे, मऊ. बातमी कळताच सगळी वाडी गोळा झाली. कॅम्पनं गावाची शिस्त बिघडवली म्हणून वर्षभर ओरडणारा म्हातारा जानकू सगळ्यांच्या पुढं होता. त्यानं एक नाही, दोन नेले. गोजरबाईनंच सगळ्यांना हौसेनं वाटले.

तिला ओढ होती ती वेगळीच. तिची एकुलती लेक उज्ज्वला खालच्या वाडीत दिलेली. बाळंतपण माहेरीच झालं होतं, सव्वा महिन्यानं सासरचे घेऊन गेले. नात आता दोन महिन्यांची. दोन वाड्यांच्या मधे एक ओढा, ओढ्याकाठी शेंदूर लावलेला शिवेचा दगड. आणि आता दोन्हीकडच्या लोकांनी त्या वाटेवर करवंदीच्या काट्या आणून टाकल्या होत्या. काल एकमेकांच्या लग्नात पंगती वाढणारी माणसं आज एकमेकांची सावली टाळायला लागली. मग गोजरबाई डिंकाचे लाडू, नाचणीचं पीठ असं काहीबाही शिवेच्या दगडावर ठेवून मागं फिरायची आणि थोड्या वेळानं जावई, सुभाष, येऊन उचलून न्यायचा. तो दिसला की ती लांबूनच नातीची खुशाली विचारायची. तेवढ्यावर तिचा दिवस गोड व्हायचा.

आठवडाभरानं दवाखान्यातून फोन आला. तो चष्मेवाला त्याच रोगानं आजारी होऊन दवाखान्यात पडला होता. त्याला ज्यांनी वाढलं, त्यांनी घरात थांबावं. कपडे, पांघरुणं गरम पाण्यानं धुवावीत, कडक उन्हात टाकावीत. फोनवरची ताई शांतपणे सांगत होती, पण भीतीला कान नसतात. गोजरबाईला फक्त आपले हात दिसत होते. याच हातांनी रग पांघरवला, याच हातांनी लाडू वळले.

तिनं लाडू ठेवणं बंद केलं. उज्ज्वलानं फोन करून विचारलं, आई, रागावलीस का? ती म्हणाली, कंबर धरलीय गं. खरं सांगायची छाती झाली नाही. लेकीच्या सासूला कळलं असतं तर उज्ज्वलाचं जगणं मुश्कील झालं असतं.

इकडं वाडीला कळायला उशीर लागला नाही. गोरखलाही तोच फोन आला होता; त्यानं एकाला सांगितलं नि संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांचं झालं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून गोजरबाईच्या अंगणात रग येऊन पडायला लागले. कुणी कुंपणावरून भिरकावला, कुणी काठीच्या टोकानं आणून टाकला. जानकूनं आपले दोन्ही आणले. दुपारपर्यंत तिच्या दारात तांबडा ढीग झाला आणि ती उंबऱ्याच्या आत बसून त्याच्याकडं बघत राहिली.

धुवावेत म्हटलं तर पाणी कुठलं? विहिरीवर तिची घागर दिसली की बायका दोर ओढून घेऊन निघून जात. शेजारची बायडाबाई, जिच्याशी तिची तीस वर्षांची उठबस, तीही भिंतीला कान लावून बसलेली. चुलीच्या धुरानं ठसका आला तरी गोजरबाई तोंडात पदर कोंबायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं झालं होतं. घसा जरा खवखवला की तिला दरदरून घाम फुटायचा आणि घाम फुटला की ताप आला असंच वाटायचं. मरणाचं तिला एवढं भय नव्हतं. पण आपण मेलो तर खांद्यालाही कुणी येणार नाही, लेकीला तोंडही बघू देणार नाहीत, हा विचार तिला बसल्या जागी खात होता.

रग जाळावेत, असं कुणीतरी सुचवलं. गोरख म्हणाला, मालकाची वस्तू आहे. जानकू म्हणाला, जाळू नका, मरीआई कोपेल. त्याच्या आज्याच्या वेळेला पटकी आली होती तेव्हा वाडीनं मरीआईची ओटी भरली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि रोगाचं जे काही होतं ते सगळं शिवेपार नेऊन ठेवलं. पुढच्या वाडीनं ते आपल्या शिवेपार सरकवलं. असं करत करत आई निघून गेली. ज्याच्या घरातून रोग आला त्यानंच ते न्यायचं, कुणाशी बोलायचं नाही आणि मागं वळून बघायचं नाही. एवढं केलं की गोजरबाईला विहीर मोकळी.

गोजरबाईनं उंबऱ्यातूनच विचारलं, "कुठल्या शिवेवर?"

"आली त्या वाटंनं जायाची," जानकू म्हणाला. "खालच्या वाडीच्या."

"तिथं माजी लेक हाये. तान्हं पोर हाये."

"ती माणसं पुढं सरकवतील की. आपल्या वाडवडलांनी न्हाई का सरकवलं?"

सगळे तिच्याकडं बघत होते. नाही म्हणायचं होतं, ते ओठापर्यंत आलंही होतं. पण घरात प्यायला तांब्याभर पाणी उरलं होतं आणि समोर उभी असलेली माणसं तिला आपली वाटत नव्हती. जुनी रीत आहे, खालच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक असेल, असं तिनं मनाला समजावलं. आपल्याला हवं ते समजावलं की मन फार हुज्जत घालत नाही.

दुकानं बंद, तेव्हा ओटीचं सामान घरातलंच काढलं. पेटीतला खण, नारळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या. रग तिनं आपल्या जुन्या साडीत बांधले. गाठोडं जड, थांबत थांबत नेलं. भर दुपारी, डोक्यावर ऊन, वाटेत चिटपाखरू नाही. शिवेच्या दगडाशी तिनं ते उतरवलं, वर ओटी ठेवली आणि हात जोडून म्हणाली, आई, पुढं जा, हितं थांबू नको. मग मागं न बघता घरी आली. संध्याकाळी विहिरीवर बायडाबाईनं तिला दोर दिला. गोजरबाई ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उज्ज्वलाचा फोन आला. अंगणातल्या जांभळीखाली रेंज मिळायची, तिथं जाऊन गोजरबाईनं तो कानाला लावला. लेक इतकी खुशीत होती की बोलता बोलता तिचा श्वास पुरेना. सुभाष सरपणाला गेला होता, त्याला दगडाशी गाठोडं दिसलं. आईची साडी त्यानं ओळखली. खण, नारळ, चुडा बघून तो म्हणाला, बघ, तुझ्या माहेरानं ओटी पाठवली, आणि तू म्हणत होतीस आई रागावली. बांगड्या तिनं तिथल्या तिथं भरल्या. नारळ फोडून प्रसाद वाटला. माहेर विसरलं म्हणून टोमणे मारणाऱ्या सासूनं उरलेले रग मिरवत मिरवत वाडीत घरोघर दिले. आणि बाळाला रगात गुंडाळलं, तर रात्रभर उठली नाही गं, पहिल्यांदाच.



"आई, ऐकतीस न्हवं?"

गप्प बसता आलं असतं. काहीच झालं नाही तर कुणाला कधी कळलंही नसतं. पण रगात गुंडाळलेलं ते पोर तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"उज्ज्वला," ती म्हणाली, "ती ओटी तुजी न्हाई. मरीआईची हाये."

मग तिनं सगळं सांगितलं. चष्मेवाला, दवाखान्याचा फोन, अंगणातला ढीग, विहीर.

"तू सोता ठेवलंस?" उज्ज्वलानं विचारलं.

"व्हय."

"मी हितं हाये ते ठावं असून?"

"व्हय, बाई."

पलीकडं कुणीतरी पातेलं आपटल्याचा आवाज आला, सासूनं काहीतरी विचारलं. मग बाळ उठलं. आधी कुरकुरलं आणि मग भुकेल्या पोरानं रडावं तसं रडायला लागलं. उज्ज्वला बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"रडतीया. माज्या अंगावर पण त्योच रग व्हता रातभर. पाजायला घेऊ का नको? आई, तेवढं सांग."

वाडीतल्या निम्म्या बाळंतिणींना गोजरबाईनं धडे दिले होते. पोर कसं धरायचं, ढेकर कशी काढायची, पान्हा आटला तर काय खायचं, तिला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. घे म्हणायचीही तिला भीती वाटत होती आणि नको म्हणायचीही. फोनमध्ये नात टाहो फोडत होती आणि उज्ज्वला पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.